१९६६चा फेंडर चॅम्प पुण्यात: घरघर, ११७ व्होल्ट आणि थोडे मिड्स

तारसप्तक:
नमस्कार. न्यू जर्सीहून कायमचे परत येताना फेंडर चॅम्प हा व्हॉल्व्हचा छोटा गिटार अँप सोबत आणला. व्हॉल्यूमच्या पॉटच्या (बटणामागच्या फिरत्या रेझिस्टरच्या) पाठीवर १३७६६३४ असा आकडा आहे, म्हणजे पॉट सीटीएस कंपनीचा, १९६६च्या ३४व्या आठवड्यातला. व्हॉल्व्ह तीनच: १२एएक्स७, ६व्ही६जीटी आणि रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा) ५वाय३जीटी. दोन पिनांची जुनी वायर अजून तशीच आहे. तिकडे वाजवत होते तेव्हाच व्हॉल्यूम शून्यावर असताना घरघर यायची आणि तापला की चुरचुर. इथे २३०/११०चा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घेतलाय, पण अजून अँप लावलेला नाही. एका दुकानदाराने आतलं सगळं काढून 'हाय गेन' (खूप फाटलेला आवाज) बसवून देतो म्हणून सांगितलं. मला ते नको. व्हॉल्यूम सहा-सातवर बोटाच्या जोराप्रमाणे हा अँप फुटतो (डिस्टॉर्ट होतो), तो आवाज मला प्रिय आहे. फक्त मिड्स (मधले स्वर) थोडे वाढले तर हवेत. सुरुवात कुठून करू?

जुना रेडिओ:
लावला नाहीत ते उत्तम केलंत. माझं उमेदीचं आयुष्य सांगलीत मर्फी-फिलिप्सचे रेडिओ दुरुस्त करण्यात गेलं. पुढे मुलाच्या बँडमुळे गिटारचे अँप हातात आले. तुमच्या चॅम्पमध्ये रेडिओवाल्याला अनोळखी असं काही नाही.

पहिलं काम वायरचं. तीन पिनांची घाला आणि अर्थ चेसिसला स्वतंत्र बोल्टवर पक्का करा. जुन्या वायरच्या एका टोकापासून चेसिसला गेलेला छोटा कपॅसिटर दिसला तर कापून टाका. तो शॉर्ट झाला तर फेज थेट गिटारच्या तारांवर येतो. इथे मूळपणाचा मोह धरू नका.

मग सिरीज बल्ब, म्हणजे आत शॉर्ट असला तर करंट बल्बातच अडतो. ६० वॅटचा तारेचा बल्ब स्टेपडाउनच्या आधी, २३०च्या बाजूला. आधी ५वाय३ काढून चालू करा. बल्ब क्षणभर लागून मंद झाला तर पॉवर ट्रान्सफॉर्मर धड आहे. भगभगून तसाच राहिला तर लगेच बंद.

आता तुमच्या ११० व्होल्टबद्दल. अँपचा पॉवर ट्रान्सफॉर्मर ११७ व्होल्ट, ६० हर्ट्झसाठी गुंडाळलेला. आपल्या ५० हर्ट्झवर त्याच व्होल्टेजला लोखंडात २० टक्के जास्त चुंबकीय फ्लक्स होतो, म्हणजे ११० दिले तरी त्याला १३२ दिल्यासारखं. तो तापणार. व्होल्टेज खाली आणावं तर व्हॉल्व्ह तापवणाऱ्या हीटरचे ६.३ व्होल्टही खाली येतात, आणि ५.७च्या खाली गेले की व्हॉल्व्हचं आयुष्य घटतं. म्हणून स्टेपडाउनवर १०६-१०७ मिळतील असा टॅप (काढून दिलेलं टोक) शोधा आणि हीटरवर मीटर लावून खात्री करा. रोज वाजवणार असाल तर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा नवा ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घ्या. मूळचा नीट जपून ठेवा, फेकू नका.

घरघर बहुतेक फिल्टर कपॅसिटरची. पन्नाशी ओलांडलेले इलेक्ट्रोलायटिक सुकतात. नवे घालताना आराखड्यातलीच किंमत ठेवा. जास्त मायक्रोफॅरॅड म्हणजे जास्त चांगलं असं नसतं, चार्ज होतानाचा झटका ५वाय३ला सोसत नाही. अँप बंद केल्यावरही आत साडेतीनशे व्होल्ट उरलेले असू शकतात. १० किलोओहमच्या पाच वॅट रेझिस्टरने डिस्चार्ज करा, मीटरवर शून्य बघा, मगच हात घाला.

सहावी तार:
मिड्ससाठी दुकानदाराची गरज नाही. ट्रेबल आणि बासच्या पुढे १५ किलोओहमचा एक ठरलेला रेझिस्टर आहे, मिड्स तोच ठरवतो. त्याच्या जागी २५ किलोओहमचा पॉट लावायचा. पॅनेलला भोक पाडू नका. दुसऱ्या इनपुटचा जॅक काढून त्या भोकात बसवा आणि जॅक पिशवीत जपून ठेवा. काहींना स्पीकरकडून मागे येणारा २.७ किलोओहमचा फीडबॅक तोडायला आवडतो. अँप लवकर फुटतो आणि आवाज मोठा होतो, पण तळाचा बास सैल पडतो. तुम्हाला बोटाच्या जोरावर फुटणारा आवाज हवा असेल तर मी तो फीडबॅक तोडणार नाही. आधी दुसऱ्या डब्यातला चार ओहमचा दहा इंची स्पीकर लावून ऐका. आठ इंचीत बरंच अडकून पडलेलं असतं.

तारसप्तक:
काका, सगळं त्याच क्रमाने केलं. बल्ब लगेच मंद झाला. कपॅसिटर बदलल्यावर घरघर जवळपास गेली, बारीक गुंजन तेवढं राहिलं. चुरचुर मात्र तशीच होती. सुक्या लाकडी काडीने टोचत गेले तर १२एएक्स७च्या प्लेटचा (इलेक्ट्रॉन गोळा करणाऱ्या टोकाचा) १०० किलोओहमचा एक कार्बन रेझिस्टर नुसत्या स्पर्शाला बोलत होता. तो बदलला, शांत झालं. ६व्ही६च्या कॅथोडवर (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकावर) २० व्होल्ट आणि प्लेटवर ३५० दाखवतंय. बरोबर आहे ना?

जुना रेडिओ:
शाब्बास! बारीक गुंजन राहणारच. एकाच आउटपुट व्हॉल्व्हच्या अँपमध्ये ते आपोआप कटत नाही, त्याच्या मागे लागू नका.

आता ६व्ही६वर किती वॅटचा भार पडतो, त्याचा हिशोब. कॅथोडचा रेझिस्टर ४७० ओहमचा, म्हणजे २० भागिले ४७० = साधारण ४२ मिलिअँपियर. स्क्रीन ग्रिडचे (व्हॉल्व्हमधल्या मधल्या जाळीचे) तीन-चार वजा केले तर प्लेटला ३८-३९. प्लेट ते कॅथोड ३३० व्होल्ट. गुणाकार केला की पावणेतेरा वॅटच्या आसपास. जुन्या डेटाशीटमध्ये ६व्ही६जीटीची मर्यादा १२ वॅट दिली आहे, म्हणजे थोडा गरमच चालतोय. चॅम्पच्या घराण्याची ही रीतच आहे आणि दणकट ६व्ही६ ते सोसतातही. पण ४७० ओहम रंगांवरून धरू नका, रेझिस्टर सोडवून मोजा. जुना कार्बन वर सरकला असेल तर करंट याहून कमी आणि काळजी नाही. ठीक निघाला तर ५६० ओहम, पाच वॅटचा घाला. करंट उतरेल, आवाज फारसा बदलणार नाही.

आणि प्लेटचे ३५० मोजले तेव्हा स्टेपडाउनमधून किती व्होल्ट येत होते, तेही लिहा. पुण्यात रात्री सप्लाय चढतो, म्हणून एकदा रात्री दहानंतरही मोजून बघा.