मदत हवी आहे: मालवण ते वेंगुर्ला कयाकने, वेंगुर्ला रॉक्सचा दिवस कोणता धरावा?

तापीकाठ
राम राम मंडळी. जानेवारीअखेर चौघांचा चार दिवसांचा बेत आहे. मालवण, देवबाग, भोगवे, निवती, वेंगुर्ला. मधल्या एका दिवशी निवतीहून वेंगुर्ला रॉक्सला, म्हणजे समुद्रातल्या खडकाळ बेटांना, जाऊन परत. कयाक पॉलिथिनच्या, 16 फुटी, पुढे-मागे बंद कप्पे. स्केग (बोट सरळ ठेवणारं, मागे तळाच्या खाचेतून खाली सोडायचं पातं) आहे, रडर (सुकाणू) नाही. सराव सगळा हतनूर धरणाच्या फुगवट्यात, भरल्या बोटीने सलग 20 किमी. उलटल्यावर परत चढता येतं, पण सपाट पाण्यात. भरतीचा हिशेब कसा लावायचा, रॉक्सला कधी जायचं, पाणी किती न्यायचं? बोटी जळगावहून गाडीच्या टपावर नेणार आहोत.

खारावारा
तारीख नंतर, आधी तिथी ठरवा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ अदमासे निघते. अष्टमीला 6, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला सव्वाअकरा. नक्की वेळ अर्थात भरती-ओहोटीच्या तक्त्यातूनच घ्या.

तुमची अवघड जागा देवबागची, कर्ली नदीच्या मुखाशी. ओहोटीत नदी बाहेर रेटते, समोरून लाट आणि दुपारचा वायव्येचा वारा आत येतो. दोन्ही भिडले की उथळ वाळूवर लाट उभी राहून फुटते. मुख सकाळी, भरती थांबलेली असताना ओलांडायचं. ओहोटीचे सहा तास धरले तर पाणी बारा वाट्यांपैकी 1, 2, 3, 3, 2, 1 असं उतरतं, म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं. तेव्हा तिथे नसावं.

अष्टमीला भांगाची भरती असते, ओढ कमी, म्हणून बरेच जण ती निवडतात. पण मग सकाळभर ओहोटीच चालू राहते. मी एकादशी घेईन. दशमीला देवबागला मुक्काम, एकादशीला आठच्या सुमाराला मुख पार, वारा उठायच्या आत भोगवे. दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडे घेतलीत ते बरं केलं, दुपारचा वारा पाठीशी राहील.

आणि चार दिवसांचे पाच करा. रॉक्सला दिवस ठरवून जायचं नसतं, दिवस मिळाला तर जायचं.

तापीकाठ
दिवस मिळाला हे ओळखायचं कसं भो?

खारावारा
इन्कॉइसच्या (समुद्राचा अंदाज देणारी सरकारी संस्था) अंदाजात लाट 1 मीटरच्या आत हवी आणि दुपारचा वारा 10 नॉटच्या आत. एक जरी जास्त असेल तरी निवतीच्या वाळूवर बसा. पहाटे जमिनीकडून येणारा मतलई वारा जाताना पाठीशी, दहा-अकरानंतर समुद्राकडून येणारा खारा वारा परतताना पाठीशी, हे कागदावर छान दिसतं. फसतं ते दोन कारणांनी. मतलई जोरात असला तर किनाऱ्याजवळ पाणी सपाट दिसतं आणि खरा समुद्र बाहेर गेल्यावर कळतो. खारा वारा लवकर उठला तर मागून येणारी लाट बोट आडवी करते. म्हणून उजाडताच निघा, ताशी 5 किमी धरून अंतर नकाशावर मोजा आणि परतीची वेळ आधीच ठरवा. वेळ झाली की रॉक्स समोर दिसत असले तरी फिरायचं.

रॉक्सवर उतरायचा विचार सोडा. कडे सरळ पाण्यात उतरतात, त्यांवर आपटून लाट परत येते, येणारीला भेटते आणि पाणी जागच्या जागी वरखाली उसळतं. कड्यापासून दहा बोटींचं अंतर ठेवा. गुहांमध्ये पाकोळ्यांची वसाहत आहे, त्या दूरच ठेवा. शिवाय लाट आत कोंडली की छत डोक्याला लागतं. थोडक्यात, जाऊन येईपर्यंत पाय टेकायला जागा नाही. हतनूरला कंटाळा आला की काठ गाठता येतो, तेवढाच फरक, पण मोठा. पहिल्या दिवशी तारकर्लीसमोर, लाट फुटते त्याच्या बाहेर, रिकाम्या बोटीने परत चढण्याचा सराव करा. तो जमला नाही तर रॉक्स रद्द.

मालवणहून निघताना सिंधुदुर्गाभोवती बुडालेले खडक आहेत. एखाद्या जागी दहा मिनिटांत एकदाच लाट फुटते, तिथेही खडकच समजा.

भुसावळ_वल्हे
सामानाचं मी सांगतो. पाणी माणशी दिवसाला 5 लिटर. रोज गावाशी लागता, तरी दोन दिवसांचं जवळ ठेवा, म्हणजे 10 किलो. 2 लिटरच्या बाटल्यांत, आसनाच्या मागे-पुढे, तळाला. 20 लिटरचा एकच कॅन नको, अर्धा रिकामा झाला की आत हेलकावतो. बोट मागे किंचित जड असू द्या. पुढे जड झाली की मागच्या लाटेत नाक रुतवून वळते.

स्केगच्या टोकाला दोरीचा छोटा फास बांधा. किनाऱ्यावरून निघताना खाचेत वाळू अडकते, स्केग खाली येत नाही. बसलेल्याचा हात तिथे पोचत नाही, शेजारचा फास ओढून मोकळं करतो.

टपावर नेताना झाकणं उघडी ठेवा. घाटात आणि उन्हात कप्प्यातली हवा फुगते, गार झाल्यावर झाकण आत ओढलं जातं. कप्पा आणि बसायची जागा यांमधल्या भिंतीला हवा ये-जा करायला सुईएवढं भोक आहे का बघा, नसेल तर पाडा. पट्टे करकचून आवळू नका, पॉलिथिन तापून तिथे खड्डा पडतो. पडलाच तर उन्हात ठेवल्यावर बराच भरून येतो.

सॅटेलाइट मेसेंजर परवानगीशिवाय बाळगू नका, भारतात बेकायदा आहे. फोन जलरोधक पिशवीत, अंगावर. तटरक्षक दलाचा क्रमांक 1554. रोज निघण्याआधी किनाऱ्यावरच्या कुणाला तरी परतीची वेळ सांगून ठेवा.

खायला दशम्या न्या. कळण्याच्या भाकरी दुसऱ्या दिवशी वातट होतात, आणि बिबड्यांचा चुरा.

तापीकाठ
एकादशी पक्की, पाच दिवस पक्के. भोक आजच तपासतो.