मदत हवी आहे: समोरचा वारा असूनही इकॉन (एकूण खर्च कमीत कमी ठेवणारा) वेग का वाढत नाही?

सिम्युलेटरमध्ये बोइंग ७३७-८०० चालवताना, ३५,००० फुटांवर कॉस्ट इंडेक्स (वेळेचा खर्च आणि इंधनाचा खर्च यांचे गुणोत्तर) ३० ठेवला असता, एफएमसी (विमानाचा उड्डाण-व्यवस्थापन संगणक) मला मॅक ०.७८ (ध्वनीच्या वेगाच्या ०.७८ पट) च्या आसपासचा वेग देतो. कॉस्ट इंडेक्स शून्य केला की वेग उतरतो, ८० केला की चढतो; वजन घटवल्यावरही आकडा किंचित हलतो. म्हणजे गणित चालू आहे. मात्र समोरून १०० नॉटचा वारा असताना इकॉन वेग थोडा वाढायला हवा (वाऱ्याच्या तोंडी रेंगाळण्यातच इंधन जास्त जळते), तो एका शतांशानेही वाढत नाही.

व्हीनॅव्ह (उंची व वेग एफएमसीनुसार सांभाळणारा ऑटोपायलटचा मोड) चालू आहे, ऑटोपायलटच्या पॅनेलवरील वेगाची खिडकी कोरी आहे (म्हणजे वेग एफएमसीच ठरवतो) आणि नॅव्हिगेशन डिस्प्लेवर वाऱ्याचा बाण व आकडा बरोबर दिसतो. एफएमसीच्या पर्फ इनिट (वजन, कॉस्ट इंडेक्स वगैरे भरण्याच्या) पानावर क्रूझचा वारा हाताने भरून पाहिला, तेव्हा पोहोचण्याची वेळ बदलली, मॅक मात्र जागचा हलला नाही. कमाल मॅक ०.८२ असल्याने वर पुरेशी जागा शिल्लक आहे, त्यामुळे मर्यादा आड येत असावी असे वाटत नाही. नियोजनाचे वेगळे सॉफ्टवेअर मला वापरायचे नाही.

तेव्हा वारा एफएमसीच्या रूट डेटाच्या पानावर प्रत्येक वेपॉइंटपाशी (मार्गावरील ठरलेल्या बिंदूपाशी) स्वतंत्रपणे भरावा लागतो का, की सिम्युलेटरमधील विमान वाऱ्याचा विचार न करता केवळ कॉस्ट इंडेक्स, वजन आणि उंची यांच्या ठरावीक तक्त्यावरूनच वेग काढते, आणि यांपैकी नेमके काय घडत आहे हे उड्डाणातच कसे तपासावे?