मनात नसेल तर देवाचे आभार मानावेत का?

पाचूबंदरचा नाखवा
गेल्या रविवारी मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, बायबलातलं संत पौलाचं वचन वाचलं: "सर्व स्थितीत उपकारस्तुती करा." घरी रोज रात्री रोजरीनंतर, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेनंतर, आम्ही तेच करतो. आरोग्याबद्दल, अन्नाबद्दल, कुटुंबाबद्दल आभार. शब्द तेच, क्रम तोच. त्या रात्री ते म्हणताना माझ्या डोक्यात डिझेलचा हिशेब चालू होता. माझं मत स्पष्ट सांगतो, असं पाठ म्हणण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं.

आता मी दिवसातली एकच गोष्ट धरतो. काल आई वलांडीवर, म्हणजे मासे सुकवायच्या काठ्यांच्या मांडवावर, बोंबील घालत होती. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी काठीवर टाकायची. सत्तरी ओलांडली तरी ती हाताकडे बघत नाही, बोटं आपसूक चालतात. रात्री त्या बोटांसाठी देवाचे आभार मानले. कित्येक महिन्यांनी प्रार्थनेत हिशेब आठवला नाही.

निर्मळची लेक
दादा, "गप्प बसलेलं बरं" हे मला अजिबात पटत नाही. बाबा गेले तेव्हा सहा महिने आभार मानावेत असं काही दिसतच नव्हतं. आजी तरीही रोज रोजरीला बसवायची. कोरड्या तोंडानं म्हटली, आणि पाठ होती म्हणूनच म्हणता आली. तुमच्या आईची बोटं तरी कशामुळे चालतात? सवयीनंच ना?

आणि मिस्सातल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीला युखरिस्त म्हणतात, त्या ग्रीक शब्दाचा अर्थच मुळी आभार मानणं. ज्या रात्री प्रभू येशूला धरून दिलं, त्याच रात्री त्यानं भाकर हातात घेऊन आभार मानले. मन प्रसन्न होईपर्यंत तो थांबला नाही.

उत्तन किनारा
ताई, तुमचं सवयीचं म्हणणं मान्य, पण ते दुसऱ्यावर लादू नये. मे २०२१ च्या तौक्ते वादळात आमची बोट फुटली. दुसऱ्याच दिवशी एक जण येऊन म्हणाला, "देवाची इच्छा, याचेही आभार मान." मी मानले नाहीत, आजही मानत नाही. वचनात "सर्व स्थितीत" आहे, "सर्व स्थितीबद्दल" नाही. बायबलातलं तेरावं स्तोत्र "हे परमेश्वरा, कोठवर?" असं सुरू होतं आणि गुणगानावर संपतं. मधली तक्रार गाळून शेवटाला पोचता येत नाही. मी अजून मधेच आहे. पण बोलतो ते देवाशीच.

पाचूबंदरचा नाखवा
भाऊ, तुमचं वाचून त्याच वादळातलं माझं वागणं आठवलं. "आपली बोट वाचली, देवाची कृपा" असं मी किनाऱ्यावर मोठ्यानं बोललो होतो. बोट फुटलेला शेजारचा नाखवा चार हातांवर उभा होता. "मी इतर माणसांसारखा नाही म्हणून तुझे आभार मानतो" असं म्हणणारा परुशी, स्वतःला नीतिमान समजणारा यहुदी धर्मनिष्ठ, बायबलात आहे, माझंही तसंच झालं. ते आभार पाठ केलेले नव्हते, अगदी मनापासूनचे होते. म्हणजे मनापासून असणं एवढंच पुरत नाही, हे मला मान्य करावं लागतं. पण हिशेब करत म्हटलेल्या रोजरीला मी आभार म्हणणार नाही, त्यावर मी ठाम आहे.

निर्मळची लेक
रोजरीचं राहू दे दादा. त्या शेजारच्या नाखवाकडे नंतर गेलात का?