पात्राच्या वेशभूषेत खुणा लपवायच्या असतील, तर त्या कुठे आणि किती असाव्यात?

रेशीमधागा:
नमस्कार. एका मराठी वेबमालिकेच्या वेशभूषेचे काम सध्या माझ्याकडे आहे. तिच्यातील मुख्य स्त्रीपात्र पुण्यातील एका जुन्या वाड्यात भाडेकरू म्हणून येते आणि आपले माहेर नागपूरचे असल्याचे सांगते. शेवटून दुसऱ्या भागात मात्र कळते की, वाड्याच्या मालकांनी ज्या कुटुंबाला देशोधडीला लावले, त्या कोल्हापूरकडील कुटुंबातील ती मुलगी आहे. हे गुपित पहिल्या भागापासून तिच्या कपड्यांत असावे, पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते कळू नये आणि पुन्हा पाहणाऱ्याला मात्र ते जागोजागी दिसावे, अशी दिग्दर्शकांची इच्छा आहे. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या इंग्रजी मालिकेतील सान्सा या सरदारकन्येच्या लग्नाच्या पोशाखावरील भरतकामाविषयी वाचल्यापासून मला हा विचार मोह घालतो आहे, पण दोन शंका सुटत नाहीत. इतके बारीक काम पडद्यावर दिसतच नसेल, तर ते करावे का? आणि त्याऐवजी एखाद्या रंगाचा संकेत ठेवला, तर तो फार लवकर ओळखला जाईल का?

कशिदा:
तुम्ही सान्साचा उल्लेख केलात, म्हणून त्या पोशाखापासूनच सुरुवात करते. तिसऱ्या पर्वातील (२०१३) तो पोशाख वेशभूषाकार मिशेल क्लॅप्टन यांचा आणि त्यावरील भरतकाम मिशेल कॅराघर यांचे आहे. अंगाभोवती गुंडाळत जाणाऱ्या एका भरलेल्या पट्टीत सान्साचे तोवरचे आयुष्य मांडलेले आहे. पट्टी पाठीच्या खालच्या भागातून सुरू होते, तेव्हा आईच्या घराण्याचा मासा आणि वडिलांच्या घराण्याचा लांडगा एकमेकांत गुंतलेले असतात. ती पुढे येते तसा सासरच्या घराण्याचा सिंह लांडग्यावर चढत जातो, लाल डाळिंबे वाढत जातात आणि पट्टीच्या शेवटी लांडग्यावर सिंहाची मोहोर उमटलेली असते. हे सगळे टीव्हीच्या पडद्यावर वाचता येत नाही, हे खरेच आहे. तरीही मला ते काम अतिशय मोलाचे वाटते, कारण ते कथेशी प्रामाणिक आहे. ज्या घराण्याने तिला ताब्यात घेतले आहे, त्याने आपली खूण तिच्या अंगावर घातली आहे आणि ज्या वधूचे आयुष्य त्या पट्टीत आहे, तिला स्वतःची पाठ दिसत नाही.

म्हणून कोणतीही खूण ठेवण्यापूर्वी मी एकच प्रश्न विचारते: कथेच्या जगात ही खूण तिथे कोणी ठेवली? सान्सा पहिल्या भागापासून सुईकामात निपुण असल्याचे दाखवले आहे, त्यामुळे पुढे तिच्या कपड्यांत जे बदल होतात, ते तिने स्वतः विचारपूर्वक केलेले वाटतात. चौथ्या पर्वाच्या अखेरीस ती काळ्या पोशाखात जिना उतरते, तेव्हा तिच्या गळ्यात कड्यातून ओवलेल्या सुईसारखा दागिना असतो. ती सुई तिचे कौशल्यही आहे आणि शस्त्रही. त्याच मालिकेतील राणी सर्सी हिच्या कपड्यांवर आधी पक्षी भरलेले होते आणि पुढे सिंह आले, तेही तिच्या वाढत्या सत्ताकांक्षेशी जुळते. तुमच्या नायिकेच्या बाबतीत हे ठरवावे लागेल की, कोणती खूण ती जाणूनबुजून जवळ बाळगते आणि कोणती तिच्या नकळत तिला उघडी पाडते. या दोन खुणा एकाच जागी, एकाच पद्धतीने ठेवता येणार नाहीत.

काठपदर:
वरच्या प्रतिसादाशी मी सहमत आहे. त्यात आपल्याकडील कापडाविषयी थोडी भर घालतो.

मराठी प्रेक्षकांसाठी काम करताना अडचण उलटी असते. कोल्हापुरी साज गळ्यात घातला, तर घरोघरी पहिल्याच भागात ओळख पटेल. त्याऐवजी साजातील एकच पान, समजा मत्स्यावताराचे, सुटे करून साध्या साखळीत ओवावे. ते कोणाच्या डोळ्यांवर येणार नाही आणि गुपित फुटल्यावर आईचा अखंड साज एखाद्या जुन्या छायाचित्रात दाखवला की, हे पान त्यातलेच आहे, हे प्रेक्षकच ओळखतील.

दुसरी खूण इरकल साडीची ठेवता येईल. इरकल कर्नाटकातील इलकलची असली, तरी दक्षिण महाराष्ट्रात ती पिढ्यान्‌पिढ्या नेसली गेली आहे. तिच्या लाल पदरावर पांढऱ्या रेशमात जोंधळ्याची कणसे आणि तटबंदीसारखे आकार विणलेले असतात. नायिका इरकल नेसत नाही, पण आईच्या विटलेल्या इरकलीचा पदर तिने आपल्या कुर्त्याच्या बाह्यांना आतून लावून घेतला आहे, असे ठरवा. ती कामाला लागताना बाही दुमडते तेव्हाच लाल कापडाची कड दिसेल. मालिकांतील बहुतेक दृश्ये छातीपासून वर घेतलेली असतात, त्यामुळे गळा, खांदा आणि मनगट एवढ्याच जागा तुमच्या हाती असतात. साडीच्या निऱ्यांजवळ केलेले काम वाया जाण्याची शक्यता फार.

नकळत उघडी पाडणारी खूण मात्र कापडापेक्षा नेसण्यात असावी, असे मला वाटते. एखाद्या सणाच्या प्रसंगी तिला नऊवारी नेसवली आणि तिने ती कोणाच्या मदतीविना माहेरच्या पद्धतीने नेसली, तर वाड्यातील एखादी वृद्ध स्त्री क्षणभर तिच्याकडे पाहत राहील. हाताला लहानपणी लागलेले वळण खोटे बोलताना आवरता येत नाही.

अवलोकन:
रंगाच्या संकेताविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. ‘ब्रेकिंग बॅड’ या अमेरिकी मालिकेत मेरी या पात्राचे कपडे आणि तिचे घर जांभळ्या रंगाने इतके भरलेले आहे की, ते कोणापासूनही लपत नाही, तो रंग तिचा स्वभाव सांगतो, गुपित सांगत नाही. आपल्या मालिकांत तर मोठी टिकली आणि भडक साडी दिसताच खलनायिका ओळखू येते, म्हणून रंगाकडे पाहण्याची प्रेक्षकांची सवय आधीच तयार आहे. या सवयीचा उपयोग दिशाभूल करण्यासाठी करावा. ‘द क्वीन्स गॅम्बिट’ या मालिकेत (२०२०) वेशभूषाकार गाब्रिएले बिंडर यांनी बुद्धिबळपटू नायिका बेथ हिला शेवटच्या प्रसंगात पांढरा कोट आणि पांढरी टोपी दिली आणि ती पटावरील पांढऱ्या वजिरासारखी दिसू लागली. तिथे रंग उघडपणे आणि अगदी अखेरीस बोलतो. तुमच्याकडेही इरकलीचा तो लाल रंग शेवटच्या भागापर्यंत तिच्या बाहेरच्या कपड्यांत मुळीच येऊ देऊ नका.

रेशीमधागा:
आपणा सर्वांचे मनापासून आभार. बाहीच्या आतील पदर आणि साजाचे पान या दोन्ही गोष्टी मी दिग्दर्शकांपुढे ठेवते. एक शंका उरते: चित्रीकरण कथेच्या क्रमाने होणार नाही, मग बाही कधी दुमडलेली होती, हे सांभाळायचे कसे?

काठपदर:
प्रत्येक दृश्यासाठी कपड्यांच्या छायाचित्रांसोबत बाहीची स्थितीही नोंदवून ठेवा आणि ती नोंद दिग्दर्शकांच्या साहाय्यकांनाही द्या. कुर्त्याच्या किमान दोन प्रती लागतील, तेव्हा पदर कापण्यापूर्वी दोन्ही जोड्यांना सारखीच नक्षी येईल, असे मोजून घ्या. रंग अंतिम करण्यापूर्वी छायालेखकांसोबत कॅमेरा-चाचणी अवश्य घ्या, कारण चित्रीकरणानंतर रंग सुधारण्याच्या प्रक्रियेत (रंगसंस्कारात) इरकलीचा लाल रंग तपकिरीकडे झुकू शकतो, आणि कुर्त्यासाठी फार बारीक चौकडीचे कापड घेऊ नका. ते कॅमेऱ्यात थरथरल्यासारखे दिसते.