बुकिंग आधी रत्नागिरीत, गाडी आधी पिंपरीत: डीलरचा कोटा हा अन्याय आहे की नाही?

लांजेकर
पाडव्याला रत्नागिरीच्या शोरूममध्ये सात सीटर सीएनजी बुक केली. चुलतभावाने तीच गाडी, तोच रंग पिंपरीत अक्षय्य तृतीयेला बुक केला आणि आषाढात गाडी दारात उभीसुद्धा केली. आम्हाला उत्तर एकच, "वरून बिलिंग आलं नाही." किंमत डिलिव्हरीच्या दिवशीची लागणार, म्हणजे मधल्या दरवाढीचा भुर्दंडही आमच्याच माथी. कंपनी गाड्या गिऱ्हाइकांना देत नाही, डीलरांना वाटते, हाच तो कोटा, आणि वाटताना मागच्या विक्रीचे आकडे बघते. मोठ्या शहरातला डीलर खपवतो जास्त, म्हणून त्याला मिळतातही जास्त. माझं म्हणणं सरळ आहे: राज्यभर एकच रांग लावा. ज्याने आधी पैसे भरले त्याला आधी गाडी.

खाडीपट्टा
पटलं नाही. पिंपरीच्या डीलरला गाड्या जास्त येतात तशी त्याच्या दारात माणसंही जास्त असतात. आणि एकच रांग लावली तरी काय होतं तेही बघितलंय की. 30 जुलै 2022 ला महिंद्राच्या स्कॉर्पिओ-एनचं बुकिंग उघडलं, अर्ध्या तासात आकडा लाखावर गेला. रांग कंपनीच्याच हातात होती. तरीही झेड-एट-एल या वरच्या व्हेरियंटला प्राधान्य देणार, हे कंपनीने आधीच जाहीर केलेलं. खालचं मॉडेल मागणाऱ्याने कितीही चपळाईने बटण दाबलं असेल, उपयोग काय? थांबावं लागतं ते व्हेरियंटमुळे, जिल्ह्यामुळे नाही.

काउंटरवरचा
बरीच वर्षं शोरूममध्ये काढली आहेत, म्हणून लिहितो. दोघांचंही अर्धंच बरोबर आहे. गाडी आमच्याकडे येते तेव्हा कंपनीला पैसे देऊन झालेले असतात, तेही बहुतेक बँकेकडून उचललेले. व्याज त्याच दिवसापासून चालू. त्यामुळे मालक बुकिंगची वही बघून मागणी टाकतोच, पण मिळतं ते वेगळंच. चालणारं मॉडेल हवं तर सोबत न चालणारी चार उचला, असं तोंडी सांगितलं जातं. सप्टेंबर 2024 अखेर डीलरांच्या संघटनेने, फाडानेच सांगितलं होतं की देशभरात 80 ते 85 दिवस विकायला पुरेल इतका साठा पडून आहे, सुमारे 7.9 लाख गाड्या, 79 हजार कोटींचा माल. यार्डात गाड्या उन्हात तापत होत्या आणि काउंटरवर लोक सीएनजीसाठी भांडत होते, दोन्ही एकाच वेळी.

आमच्या रत्नागिरीकडच्या गाड्या थेट येतही नाहीत. मोठा ट्रेलर कोल्हापूरला मुख्य डीलरच्या यार्डात रिकामा होतो, मग ड्रायव्हर आंबा घाटातून एकेक गाडी चालवत आणतो. नव्या गाडीच्या मीटरवर सव्वाशे-दीडशे किलोमीटर दिसले की गिऱ्हाईक आमच्यावरच डोळे वटारतं! आता बघा, कोटा मुख्य डीलरच्या नावावर. त्यातून शाखेला काय सोडायचं ते त्याच्या मर्जीवर. लांजेकर, तुमची गाडी पिंपरीने नाही, कदाचित कोल्हापूरने खाल्ली.

आंबा-हंगाम
याहून मोठी गोम वेगळीच आहे. आपल्याकडे पैसा हातात येतो मे अखेर, आंब्याची पट्टी मिळाली की. गाडी मात्र हवी गणपतीआधी. मधल्या पावसात विक्री थंड. मागच्या दोन-तीन महिन्यांची विक्री बघून भाद्रपदाचा कोटा ठरवलात तर तो तोकडाच पडणार. हिशेब बाराही महिने सारख्या चालणाऱ्या शहराला धरून केलेला, कोकणाला नाही.

कुडाळकार
ह्यां सगळां ठीक, पण गणपतीक गाडी व्हयी तेणी काय करूचां? माझा सल्ला: गणपतीचा हट्ट सोडा, नंतर पितृपक्षात उचला. त्या पंधरवड्यात कोणी डिलिव्हरी घेत नाही, ठरलेल्या गाड्याही लोक पुढे ढकलतात. ज्याला चालतं त्याची चांदी.

लांजेकर
आईला पितृपक्ष सांगून बघा एकदा! असो. काउंटरवाले, मग बुकिंगची यादीच शोरूममध्ये लावा ना. व्हेरियंट, रंग, तारीख, आणि आलेल्या गाडीचा चॅसिस नंबर कोणाच्या नावावर गेला ते. कोटा कंपनी ठरवू दे, पण आपला नंबर कितवा ते तरी कळू दे.

काउंटरवरचा
लावता येत नाही. पहिल्याचं कर्ज मंजूर झालेलं नसतं, दुसऱ्याला ऐनवेळी पांढरा रंग नको असतो, म्हणून गाडी तिसऱ्याला जाते. यादी भिंतीवर लावली तर रोज भांडणं.

खाडीपट्टा
रोज भांडणं आत्ताही होतातच. यादी असेल तर निदान कारण लिहावं लागेल. कोटा अन्याय आहे हे मला अजून पटलेलं नाही, पण यादीला माझा पाठिंबा. कर्ज नामंजूर म्हणून पहिला मागे गेला, असं लिहिलं तर कोण भांडेल? नेत्याचा फोन आला म्हणून गाडी भलत्यालाच गेली, ते मात्र लिहिता येणार नाही. अडचण तिथेच आहे ना?