स्मरणिकेचा लेख आणि सहा वेळा आलेली टीप

(वडोदरा, सोसायटीचा मराठी ग्रुप)

ए-३०२: सर्वांना नमस्कार. स्मरणिकेसाठी सयाजीराव महाराजांवरचा लेख टाइप करून झाला. परंतु संस्थानचा एकच वार्षिक प्रशासन अहवाल सहा ठिकाणी आधाराला घेतल्यामुळे शेवटी तीच एण्डनोट (लेखाअखेरची संदर्भाची टीप) सहा वेळा उमटू लागली. म्हणून पहिली ठेवून बाकीच्या पाच जागी मी तिचाच ४ हा आकडा हाताने लिहिला. १८९३ साली अमरेली तालुक्यात सुरू झालेल्या आणि १९०६ मध्ये संस्थानभर लागू केलेल्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या परिच्छेदात काल एक नवी टीप घातली, तेव्हा मूळ टीप ५ झाली आणि माझे पाचही चौकार भलत्याच पुस्तकाकडे वळले.

बी-१०४: काका, सरळ 'तत्रैव' (म्हणजे वरच्याच ग्रंथात) लिहावे. आम्ही प्रबंधात तेच करत असू.

सी-२०१: वहिनी, 'तत्रैव' लगतच्या आधीच्या टिपेपुरतेच खरे असते, मध्ये एखादी नवी टीप आली की तेही चुकते, आणि टिपांची संख्या काही कमी होत नाही. काका, हाताने लिहिलेले आकडे पुसा, त्या जागी कर्सर ठेवून वर्डच्या 'रेफरन्सेस' टॅबमधील 'क्रॉस-रेफरन्स' उघडा, प्रकारात 'एण्डनोट' निवडा आणि नंबरचा 'फॉरमॅटेड' पर्याय घ्या, म्हणजे आकडा लहान होऊन वर बसेल. मूळ आकडा कॉपी करून मात्र चिकटवू नका. तसे केल्यास नवी टीपच तयार होते.

ए-३०२: पाचही जागी केले. त्यानंतर आरंभी आणखी एक टीप घातली, तर हे आकडे जागचे हलले नाहीत.

सी-२०१: ते आपोआप बदलत नाहीत. कंट्रोल-ए दाबून सगळा मजकूर निवडा आणि एफ-नाईन दाबा. काही लॅपटॉपवर सोबत एफएन धरावे लागते. छापखान्यात फाइल देण्याआधी हे एकदा करावेच.

बी-१०४: पण प्रत्येक ठिकाणी पृष्ठ निराळे असेल तर?

सी-२०१: टीप एकच असल्यामुळे त्या त्या ठिकाणचे पृष्ठ मजकुरातच कंसात द्यावे. लेखाला तेवढे पुरते. प्रबंध असता तर मी स्वतंत्र टिपाच ठेवल्या असत्या.

ए-३०२: संपादक मंडळाने नेमका मूळ टिपेचा परिच्छेद गाळायला सांगितला आहे.

सी-२०१: मग आधी दुसऱ्या जागी खरी एण्डनोट घाला, उरलेले चार आकडे तिला नव्याने जोडा आणि त्यानंतरच परिच्छेद काढा; नाहीतर पुढच्या वेळी एफ-नाईन दाबताच त्या जागी ठळक अक्षरांत 'एरर!' दिसेल.