मदत हवी आहे: पावसाळ्यात बार्लीचा चोथा वाळवायचा कसा?

अंधेरीकर:
मायक्रोब्रुअरीच्या (बिअरच्या छोट्या कारखान्याच्या) दर बॅचला साधारण १०० किलो ओला चोथा, म्हणजे रस काढून उरलेली बार्ली, निघतो. ट्रेमध्ये ५ सेंमी थर देऊन बंद खोलीत पंख्याखाली ठेवला. वरून कोरडा, पण तिसऱ्या दिवशी आतून आंबूस वास आणि हिरवट बुरशी. अर्धा गोरेगावच्या तबेल्याला द्यायचाय, उरलेला गच्चीवरच्या कुंड्यांना. बुरशीचा भाग काढून बाकीचा भट्टीत वाळवला तर चालेल?

यंत्रवाला:
थर जाड आहेच, पण खरी अडचण हवेची. जुलैच्या ८५-९० टक्के दमटपणात नुसता पंखा आठवडाभर फिरवलात तरी दाण्यात १५ टक्क्यांच्या वरच पाणी राहणार. साठवायला १० टक्के हवं. म्हणजे हवा तापवायची आणि दमट हवा एक्झॉस्टने बाहेर फेकायची.

त्याआधी पिळा. १०० किलोत सुका माल जेमतेम २२ किलो. स्क्रू प्रेसने ओलावा ६५ टक्क्यांवर आणलात की वजन ६३ किलो, म्हणजे ३७ किलो पाणी विजेविना गेलं. उरलेलं ३८-३९ किलो उडवायला कागदावर २५ युनिट, प्रत्यक्षात ४० तरी धरा. हाती येईल साडेचोवीस किलो. थर २ सेंमी, हवा ६० अंश, दर अर्ध्या तासाने उलथणं. करपवलात तर प्रथिनं पचत नाहीत. गार व्हायच्या आत पोत्यात भरलात तर घाम सुटून पुन्हा बुरशी. (पिळलेलं पाणी गोडसर असतं, उघडं ठेवलंत तर चिलटांची जत्रा.)

आंबोण:
बुरशीचा माल जनावराला अजिबात नको. भट्टीत बुरशी मरते, तिचं विष राहतं आणि अफ्लाटॉक्सिन म्हशीच्या दुधात उतरतं.

आणि गोरेगाव इतकं जवळ असताना वाळवता कशाला? निघाल्या दिवशीच ओला पोचवा. सुका द्यायचा तर म्हशीला दिवसाला दीड-दोन किलो, तेवढी पेंड कमी करून, आठवडाभरात हळूहळू वाढवत. चोथ्यात कॅल्शियम कमी असतं, म्हणून सोबत खनिज मिश्रण. हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) गाळ त्यात मिसळू नका, तबेल्यातल्या कुत्र्यांना तो विषारी.

कुंड्यांसाठीही वाळवणं नकोच. एक घमेलं चोथ्याला दोन-तीन घमेली सुका पालापाचोळा घालून कंपोस्ट करा, बुरशीचा मालही तिथेच जाऊ द्या. कच्चा थेट मातीत घातलात तर तापतो, मुळं जातात.

अंधेरीकर:
प्रेस नाहीये. काही जुगाड?

यंत्रवाला:
जाड कापडी पिशव्यांत भरून गाडीच्या जॅकखाली दाबा. प्रेसइतकं नाही, पण बरंच पाणी निघेल. कोमट असतानाच दाबा, गार झाला की चिकटतो.